आईच्या पेशी आणि दादाचा शब्द

मुंबई, २२ नोव्हेंबर २०१५

विपुलदादा,

तुला नमस्कार लिहावा की नाही यावर बराच विचार केला. लिहिते. मोठ्यांवर कितीही राग असला तरी नमस्कार चुकवायचा नाही, हे आईनंच लावलेलं वळण. तू फोन उचलत नाहीस. श्रुतिकावहिनी उचलते, "ते वाडीत गेलेत" म्हणते, आणि मागून तुझा खोकला मला स्पष्ट ऐकू येतो. म्हणून हे पत्र. लिहिलेला कागद फाडायला तुझा हात धजत नाही, एवढं मला माहीत आहे.

दहाव्याला धाकटी डहाणूच्या खाडीवर काय झालं ते सगळ्या सरावलीला तुझ्या बाजूनं कळलंय. आता माझ्या बाजूनं ऐक. तू पिंड ठेवलास. कावळे समोरच्या होडीवर ओळीनं बसले होते, एकही खाली येईना. तू म्हणालास, आई, चिकूची वाडी विकणार नाही. कावळे ढिम्म. मग म्हणालास, मयूरीला अंतर देणार नाही. (हे तू म्हणालास, मी कानांनी ऐकलंय.) तरी ढिम्म. भरतीचं पाणी पायाला लागायला आलं तेव्हा काशीनाथकाका सगळ्यांदेखत बोलले, "कसा शिवंल? पोरीनं आयचा तुकडा मुंबईला बाटलीत घालून ठेवलाय. बाय अर्धी तिथं, अर्धी इथं." आणि तू हात जोडून मोठ्यानं म्हणालास, "आई, तुझा जेवढा भाग तिथं ठेवलाय तेवढा सगळा परत आणीन आणि याच पाण्यात सोडीन." कावळा आला.

मी होड्यांपाशी उभी होते. माझं मत विचारशील तर तो भुकेनं आला. पण मत कोण विचारतंय! घरी आल्यावर तू मला दारातच अडवलंस. "ते घेऊन ये, मगच या घरात ये." मी वळले, रिक्षा केली आणि डहाणू रोडला आले. स्टेशनवर रडत बसले असं समजू नकोस. गाडी वेळेवर होती.

एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. गेल्या डिसेंबरात आईच्या मेंदूतली गाठ काढायच्या आदल्या दिवशी तू औषधांच्या दुकानाच्या रांगेत होतास. डॉक्टरांनी आईला विचारलं, "काढलेल्या गाठीतला थोडा भाग संशोधनासाठी ठेवला तर चालेल का? नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही." आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "कामाला येत असेल तर ठेवा. माझ्या वाडीत पडलेला चिकूपण मी वाया घालवत नाय." आणि सही केली. डोकं इतकं दुखत होतं तरी अंबूबाई ही अक्षरं तिनं रेष न सोडता काढली. डॉक्टर बघत राहिले. मला त्या सहीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पदवीचा वाटला नव्हता.

तेव्हा स्पष्टच सांगते. आईनं स्वतः दिलेलं मी परत आणणार नाही.

मयूरी


मुंबई, १० जुलै २०१६

विपुलदादा,

नमस्कार. उत्तर आलं नाही, आणि येईल असं मी धरलंही नव्हतं. वहिनी म्हणाली की तू पत्र दोनदा वाचलंस आणि मग कपाटात टाकलंस. कपाटात तर कपाटात.

आज बढाई मारायला लिहितेय. आईच्या पेशी वाढल्या! माणसाच्या गाठीतून काढलेल्या पेशी बाहेर जगवणं कठीण असतं. मी काम करते त्या प्रयोगशाळेत आलेल्या कितीतरी नमुन्यांनी मान टाकली. आईच्या टिकल्या. नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, पण ऑपरेशनचा दिवस मला ठाऊक होता. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना मी सरळ सांगितलं की हा माझ्या आईचा आहे. त्या म्हणाल्या, मग हे काम दुसऱ्याकडे दे, तुला झेपणार नाही. मी म्हटलं, बाई, आम्ही सरावलीचे आहोत, आम्हाला झेपतं. हा काही युक्तिवाद नव्हे, पण त्या हसल्या. माझं काम दुसऱ्या कुणीतरी तपासत राहायचं या अटीवर त्यांनी परवानगी दिली.

आता नीट वाच. आईच्या सर्जननी दिसत होती तेवढी सगळी गाठ काढली होती, आणि तू गावभर पेढे वाटलेस. बरोबरच केलंस, मीसुद्धा खाल्ले. मग सहा-सात महिन्यांत ती परत का आली? कारण या गाठीला कडाच नसते. वाडीतल्या हरळीचं आहे ना, वरून उपटली तरी मुळं कुठवर गेलीत ते कळत नाही, तसंच. हिच्या पेशी गाठीतून सुटून चांगल्या मेंदूत शिरतात. आईला शब्द आठवेनासे झाले, तुला ती आपले नाना समजून हाक मारायला लागली, तेव्हा त्या पेशी तिथपर्यंत पोचल्या होत्या.

पण गंमत बघ. त्याच पेशी मी प्लॅस्टिकच्या बशीत एकट्या ठेवल्या, वेळेवर खायला घातलं, तर त्या गरीब गाय होऊन बसल्या. वाढतात, पण कुठं घुसत नाहीत. मग आईच्या डोक्यात त्यांना घुसायला कुणी शिकवलं? सगळं जग गाठीकडे बघतं. आम्ही गाठीच्या शेजारपाजाराकडे बघतोय. तिथं रक्तवाहिन्या आहेत, मेंदूला आधार देणाऱ्या पेशी आहेत, पेशींच्या मधला बुळबुळीत पदार्थ आहे, आणि मेंदूचे स्वतःचे राखणदार आहेत. हो, मेंदूला राखणदार असतात. जंतू आला, कुठं जखम झाली की धावून जाणाऱ्या पेशी. माझा संशय त्यांच्यावर आहे.

वाडीत यंदा बुरशीनं फळ गळतंय असं वहिनी म्हणाली. दाटी झालेली झाडं विरळ केलीस हे बरं केलंस. तुझ्या हातची वाडी कशी दिसते ते बघायला... असो. पाऊस झाला की कळव. म्हणजे वहिनीला कळवायला सांग.

मयूरी


मुंबई, २८ ऑगस्ट २०१७

विपुलदादा,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, वळणदार. आमच्या संस्थेच्या प्रमुखांच्या टेबलावर बघितलं. माझ्या पत्रांना उत्तर द्यायला तुला सवड नाही, पण "माझ्या दिवंगत आईच्या शरीराचा भाग ताबडतोब परत मिळावा" असा दीड पानी अर्ज करायला सवड आहे. अर्जात माझं नाव कुठंच घेतलेलं नाहीस. "आपल्या संस्थेतील एक कर्मचारी" म्हणजे मी का रे? तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जाणारी?

मला संस्थेच्या समितीपुढे बोलावलं. रागानं माझे कान तापले होते. माझ्या कामाची अशी चौकशी आजवर कधी झाली नव्हती. मी आईची सही दाखवली आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, "वाया घालवत नाय" सकट. समितीनं ठरवलं की देणारीनं स्वतः, शुद्धीत असताना दिलेली संमती मुलाच्या अर्जानं रद्द होत नाही. निकाल तुला डाकेनं येईलच.

पण दादा, मी हटवादी असले तरी दगड नाही. आईच्या गाठीचा एक तुकडा तपासणीसाठी मेणात बसवून रुग्णालयात ठेवलेला असतो. तो नातेवाइकांना मागून घेता येतो, लोक नेहमी नेतात. त्याचे पातळ काप काढून आमचं बघून झालंय. तो तू घे. खाडीत सोड, काशीनाथकाकांना दाखव, तोंडं बंद कर सगळ्यांची. आणि मला दिवाळीला घरी बोलाव.

मयूरी


मुंबई, १६ सप्टेंबर २०१७

विपुलदादा,

वहिनीनं तुझा निरोप दिला. "जेवढा ठेवलाय तेवढा सगळा, असं बोललो होतो. अर्धा शब्द आमच्यात पाळत नाहीत."

मी फोन ठेवला आणि आधी चरफडले. मग, खरं सांगायचं तर, मला हसू आलं. सोपी वाट समोर होती. कुणाला कळलंसुद्धा नसतं. व्यापारी तुझ्या नुसत्या शब्दावर अख्खा बहर उचलतात ते उगीच नाही. गेल्या सर्वपित्रीला काकांनी चारचौघांत तुला "आणलंस का?" विचारलं आणि तू खाली मान घातलीस, हेही वहिनीनं सांगितलं. ते ऐकून मला अजिबात बरं वाटलं नाही.

तू मोडत नाहीस, मी देत नाही. आईनं दोघांना एकाच साच्यातून काढलंय.

मयूरी


मुंबई, ९ डिसेंबर २०१८

विपुलदादा,

नमस्कार. बातमी मोठी आहे. तुला आवडणार नाही, तरी माझ्याकडूनच कळावी.

माझा संशय खरा निघाला. आम्ही मेंदूसारखी मऊ जेली तयार केली आणि तिच्या मधोमध आईच्या पेशींचा गोळा ठेवला. गोळा जवळजवळ होता तिथंच राहिला. मग तसाच दुसरा गोळा ठेवला, पण भोवती राखणदार पेशी सोडल्या. उंदराच्या मेंदूतून घेतलेल्या, आमच्याकडे त्याच मिळतात. काही दिवसांतच गोळ्यातून तंतू निघाले आणि जेलीत चारी बाजूंनी शिरले. हे कसं होतं तेही कळलं. गाठीच्या पेशी राखणदारांना रासायनिक निरोप पाठवतात. राखणदार येतात, पण मारायचं सोडून पाहुणचार करतात. मधला पदार्थ विरघळवून वाट करून देतात आणि वर पोषणही पुरवतात. आपल्या वाडीच्या राखणदारानंच कुंपण उघडून चोराला फांदी वाकवून द्यावी, तसा प्रकार. आईच्या मेणातल्या कापांतही गाठीच्या कडेला हे राखणदार दाटीनं सापडले.

आणि तो निरोप आम्ही एका रसायनानं अडवला, तेव्हा तंतू निघायचे बहुतेक थांबले.

लगेच पेढे आणू नकोस. हे औषध नाही. बशीत थांबलं ते माणसात थांबेल असं नाही, उंदरांवरचं काम आता कुठं सुरू झालंय. पण आजवर माझ्या हातून झालेल्या कामात हे सगळ्यात खरं काम आहे. परदेशातल्या नियतकालिकानं आमचा लेख स्वीकारलाय. त्यात आईचं नाव नाही, क्रमांक आहे. मी तो क्रमांक वाचते तेव्हा मला नावच दिसतं.

आता न आवडणारा भाग. लेख स्वीकारल्यावर इतर प्रयोगशाळांनी पेशी मागितल्या आणि आम्ही पाठवल्या. बंगळूरला, आणि परदेशातही दोन ठिकाणी. तिथं त्या वाढतील, तिथून आणखी पुढं जातील. म्हणजे जेवढा ठेवलाय तेवढा सगळा आता कुणालाच गोळा करता येणार नाही. मलाही नाही आणि तुलाही नाही. तुझा शब्द पुरा व्हायची वाट बंद झाली, दादा. हे तुला आडून-आडून कळू नये म्हणून लिहिलं. मी माफी मागत नाही, कारण आईनं दिलेलं मी आईनं सांगितल्यासारखंच कामाला लावलंय. पण तुझं मन किती दुखेल ते मला कळतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तलासरीकडे जमीन हादरतेय असं पेपरात येतंय. आपल्याकडे जाणवतं का?

मयूरी


मुंबई, ३ फेब्रुवारी २०१९

विपुलदादा,

परवाच्या धक्क्याची बातमी बघून मी वहिनीला फोन लावत राहिले, लागेना. शेवटी लागला. मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, भांडी खाली आली, आणि तुम्ही वाडीत मांडव घालून राहताय असं ती म्हणाली. वाडीत कामाला येणारी सुकी आणि तिच्या घरचे धुंदलवाडीहून आपल्या वाडीत येऊन राहिलेत, त्यांनाही तूच जागा दिलीस म्हणाली. ते तू करणारच.

वहिनीला घेऊन थोडे दिवस माझ्याकडे ये. माझ्यासाठी नको येऊस, तिच्यासाठी ये. माझं घर लहान आहे, पण दोन माणसं मावतात. तू मला घरात घेत नाहीस म्हणून मी तुला घ्यायचं नाही असा काही नियम नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मुकाट्यानं जेव आणि पेपर वाच.

तुमची काळजी वाटते. हे मी एकदाच लिहीन.

मयूरी


मुंबई, १७ मार्च २०१९

प्रिय दादा,

तू आठ दिवस राहिलास आणि तोंडावर मला बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

पहिले काही दिवस मी सांगितलं होतं तसंच केलंस, जेवलास आणि पेपर वाचलास. मग एका सकाळी बूट घालत, भिंतीकडे बघत म्हणालास, "कुठं ठेवलंय ते दाखव." घरचे पाहुणे आलेत एवढंच सांगून मी बाईंची परवानगी घेतली. पायांत ते निळे प्लॅस्टिकचे मोजे चढवून, अंगात पांढरा कोट घालून तू प्रयोगशाळेत आलास. देवळात जाताना चालतोस तसा चालत होतास. वहिनी दाराशीच थांबली.

मी सूक्ष्मदर्शक लावून दिला. एका बशीत निरोप न अडवलेल्या पेशी आणि दुसरीत अडवलेल्या. तू बराच वेळ बघितलंस. विचारलंस, "लाल कोण, हिरवे कोण?" मी म्हटलं, ओळखू यावेत म्हणून रंग आम्हीच दिलेत, लाल आईच्या, हिरवे राखणदार. पहिल्या बशीत हिरव्यांच्या वाटेनं लाल तंतू दूरवर गेलेले तुला दिसले, दुसरीत लाल गोळा जागच्या जागी होता. तू डोकं वर काढलंस आणि म्हणालास, "म्हणजे हे आईला खाणारं. ही आई नाय. मग मी शब्द दिला तो याचा नव्हताच ना?"

दादा, सोपं उत्तर तोंडाशी होतं. "हो, ही आई नव्हे," एवढं म्हटलं की तू सुटलास, मी सुटले. तू घरी जाऊन काकांना तेच सांगितलं असतंस आणि ते गप्प झाले असते. पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, "नाही दादा. या आईच्याच पेशी आहेत. बिघडलेल्या, पण तिच्याच. तुझा शब्द याच तुकड्याचा होता."

मला वाटलं, झालं, आता हा कोट काढून निघून जाणार. तू पुन्हा स्टुलावर बसलास, काचेला डोळा लावलास, हात जोडलेस. मोठ्यानं, खाडीवर बोलला होतास तेवढ्याच मोठ्यानं म्हणालास, "आई, मी विपुल. तुला शब्द दिला होता, सगळं परत आणीन. तो मी आज मोडतो. जमत नाय म्हणून नाय, समजून मोडतो. तुला हे कामाला लावायचं होतं, मला ठाऊक नव्हतं. मयूरीनं लिहिलं तेव्हा मानलं नाय. दोष लागायचा तो मला लागू दे, तिला नको."

आमच्याकडची मुलं पिपेट हातात धरून तशीच उभी राहिली. मी फ्रिजचं दार उघडून आत काहीतरी शोधत होते. काही शोधत नव्हते, रडत होते. तुझ्या लक्षात आलं असेल.

वहिनीचा काल फोन आला. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता तू काशीनाथकाकांकडे गेलास आणि ओटीवर माणसं बसलेली असताना सांगितलंस, "मी आईसमोर शब्द मोडून आलोय. आता दरवर्षी विचारू नका. आणि मयूरी येईल तेव्हा तिला कुणी एक अक्षर बोलायचं नाय." काका म्हणाले, "दिलेला शब्द मोडला त्यात सांगायसारखं काय?" तू म्हणालास, "लपवण्यासारखंपण काय नाय." वहिनीला हे सांगताना हसू आवरत नव्हतं. मी तिच्याकडून दोनदा सांगून घेतलं.

इतकी वर्षं मी आईच्या सहीचा गर्व केला, माझ्या कामाचा केला. लोकांना धरून-धरून सांगितलं. तुझ्याबद्दल कुणी विचारलं की मात्र "भाऊ गावी असतो, चिकूची वाडी आहे" म्हणून विषय बदलायचे. शब्द पाळणारी माणसं मी बरीच बघितलीत. सुटायची वाट समोर असताना ती न घेता, चारचौघांत उभं राहून शब्द मोडणारा आणि दोष आपल्या डोक्यावर घेणारा मी एकच बघितला.

तू प्रयोगशाळेत आलास त्याच दिवशी दुपारी आमच्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "सकाळी आले होते ते गृहस्थ कोण?" मी म्हटलं, "माझा मोठा भाऊ." इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून बघायला लागली.

तुझी,
मयूरी